सरासरी पावसावर जंगलाचा हिशेब मांडू नका

प्रति,
महाराष्ट्र वन विभाग, आदिवासी विकास विभाग,
तसेच वन-कार्बन प्रकल्पांचे अहवाल लिहिणारे आणि तपासणारे सर्व सल्लागार

विषय : वनांच्या आर्थिक मूल्यमापनात हवामानाची अनिश्चितता धरण्याबाबत

स. न. वि. वि.

वन-कार्बन प्रकल्पाच्या, म्हणजे झाडांत साठलेला कार्बन विकण्याच्या प्रकल्पाच्या, अहवालात एक तक्ता हमखास असतो. डावीकडे वर्ष १ ते ३०, उजवीकडे त्या त्या वर्षी हेक्टरी किती टन कार्बन डायऑक्साइड झाडांत साठेल तो आकडा, तोही दोन दशांश स्थळांपर्यंत. खाली बेरीज, बेरजेला दर, मग सूट-दर (पुढे मिळणाऱ्या पैशांची आजची किंमत काढण्याचा दर), आणि शेवटी एक रक्कम. या तक्त्यातल्या तीसही वर्षांत पाऊस सरासरीइतकाच पडतो. असा पाऊस विदर्भात कुणी पाहिलेला नाही.

आमचा आक्षेप दशांश स्थळांना नाही. एकच आकडा धरला की प्रकल्पाची निवडच चुकते, हे आमचे म्हणणे आहे. ज्या कामात लाभ मोठा दिसतो पण वाईट वर्षात हातात काहीच उरत नाही, ते एका आकड्याच्या हिशेबात नेहमी पहिले येते. बेताचा लाभ देणारे, पण दुष्काळातही टिकणारे काम मागे पडते. आणि वाईट वर्ष आले की त्याचा भार करारावर सही करणाऱ्या ग्रामसभेवर येतो.

आधी आकडा कसा तयार होतो ते पाहू. समजा तिसाव्या वर्षी झाडांच्या जमिनीवरच्या भागाचे वाळलेले वजन, म्हणजे जैवभार, हेक्टरी १०० टन धरले. मुळांसाठी ०.२८ हे गुणोत्तर घेतले की १२८ टन. त्यातला कार्बन ०.४७ ने, म्हणजे सुमारे ६० टन. कार्बनचा कार्बन डायऑक्साइड करायला ४४ भागिले १२, म्हणजे ३.६७ ने गुणायचे. उत्तर हेक्टरी सुमारे २२० टन. या साखळीतली प्रत्येक कडी हवामानाशी बांधलेली आहे, पण अहवालात ती स्थिरांक म्हणून येते.

मुळांचेच घ्या. आयपीसीसी या हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत उष्णकटिबंधीय कोरड्या जंगलाला २० टनांवरच्या जैवभारासाठी ०.२८ आणि त्याखाली ०.५६ आहे. आर्द्र पानझडीला १२५ टनांपर्यंत ०.२०. आपल्याकडे भारतातल्या जंगलांच्या १९६८ च्या चॅम्पियन-सेठ वर्गीकरणानुसार पूर्व विदर्भातल्या काही जंगलांना ‘आर्द्र पानझडी’ म्हणतात. नाव जुळते म्हणून ०.२० उचलला जातो. पण आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला ‘आर्द्र’ म्हणजे वर्षात तीन ते पाच कोरडे महिने. आपल्याकडे ऑक्टोबर सरला की पुढच्या जूनपर्यंत जमिनीला पाणी नाही. त्या व्याख्येने ते जंगल कोरड्यात बसते. इथे फरक सहा-सात टक्क्यांचाच पडतो. कोवळ्या रोपवनात, जैवभार २० टनांखाली असताना, मात्र पहिल्या पडताळणीचा आकडाच बदलतो. सागाच्या जुन्या उत्पन्न तक्त्यांचेही तेच. ते ज्या हवामानात मोजले गेले ते हवामान आता मागे पडले आहे. जमिनीची प्रत ठरवून तक्त्यातून वाढ उचलणे म्हणजे गेल्या शतकाचा पाऊस पुढच्या तीस वर्षांना उसना देणे.

आता मुख्य मुद्दा. पाऊस आणि रोपांचे जगणे यांचे नाते सरळ रेषेचे नाही. समजावण्यापुरते आकडे घेऊ. १,००० मिलिमीटर पावसात १०० पैकी ८० रोपे जगतात. १,३०० झाला तर ८५, कारण जास्तीच्या पाण्याचा उपयोग थोडाच. ७०० वर आला तर मात्र ४५. पाऊस एक वर्ष ७०० आणि एक वर्ष १,३०० असा पडला, तर सरासरी १,००० च. पण जगणाऱ्या रोपांची सरासरी ८० नाही, ६५ आहे. पाऊस जितका लहरी होईल तितकी ही तफावत वाढेल, सरासरी पाऊस तसूभरही न हलता. अहवालातला आकडा फुगतो तो इथे, आणि यात कुणाची लबाडी असायलाच हवी असे नाही. गणिताची ही चूक प्रामाणिक माणूसही करतो.

वर्षाच्या बेरजेपेक्षाही महत्त्वाचे असते ते पाऊस कधी थांबतो. वनमहोत्सव १ ते ७ जुलै. त्या सुमारास लावलेल्या रोपाची मुळे ऑगस्टमध्ये खड्ड्याच्या भिंती ओलांडून बाहेरच्या मातीत जातात. २०२३ चा ऑगस्ट देशभरात सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पावसाचा होता, १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा. ज्या वर्षी सप्टेंबरने तूट भरून काढली त्या वर्षाची बेरीज कागदावर ठीक दिसते, रोप मात्र ऑगस्टमध्येच गेलेले असते. दुसऱ्या वर्षी नांगे भरले, म्हणजे मेलेल्यांच्या जागी नवी रोपे लावली, तरी ती रोपे वर्षभराने लहान राहतात आणि आधीच्या रोपांच्या सावलीत दबतात. तक्त्यात सगळी एकाच वयाची धरलेली असतात.

पुढचा पाऊस कसा असेल, यावरही शास्त्रज्ञांत एकवाक्यता नाही, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तयार केलेल्या आणि २०२० मध्ये निघालेल्या केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाच्या अहवालात दोन गोष्टी शेजारीशेजारी आहेत. १९५१ ते २०१५ या काळात देशाचा पावसाळी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला, आणि त्यात पश्चिम घाट ठळक आहे. पुढच्या काळासाठी मात्र हवामानाची बहुतेक प्रतिमाने (संगणकी मॉडेल) पाऊस वाढेल असे सांगतात. त्याच अहवालानुसार मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरच्या वर कोसळणाऱ्या पावसाच्या घटना १९५० नंतर सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. म्हणजे एकच प्रतिमान निवडून ‘भविष्यात पाऊस ८ टक्के वाढेल’ असे लिहिणारा सल्लागार अनिश्चिततेचा अभ्यास करत नाही, सोयीचे उत्तर निवडतो. वन सर्वेक्षण संस्थेच्या २०२१ च्या अहवालात बिट्स पिलानीच्या गोवा संकुलाच्या मदतीने २०३०, २०५० आणि २०८५ साठी वनांमधले हवामान-संवेदनशील भाग नकाशावर दाखवले आहेत. तो नकाशा सगळ्यांच्या हाताशी आहे. प्रकल्पाच्या रोख-प्रवाहात तो शिरलेला मात्र क्वचितच दिसतो. प्रस्तावनेतल्या एका परिच्छेदात त्याचा सत्कार होतो आणि तो तिथेच राहतो.

वणव्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण इथे परदेशी साचा डोळे मिटून वापरला जातो. कॅलिफोर्नियात वन-कार्बन प्रकल्पांकडून राखीव साठा घेतात. विकलेला कार्बन जळाला तर त्यातून भरपाई होते. तो साठा शंभर वर्षे पुरावा अशी कल्पना. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की आगीसाठी ठेवलेल्या वाट्यापैकी किमान ९५ टक्के एका दशकाच्या आतच संपला. कारण आगीचा धोका जुन्या नोंदींवरून ठरवला होता. हा धडा घ्यावा, पण तिथली टक्केवारी उचलून गडचिरोलीला लावू नये. तिथली आग शेंड्याला लागते आणि उभे झाड मारते. आपल्याकडे फेब्रुवारी ते मे दरम्यान लागणारा वणवा बहुतांशी जमिनीवरून सरकतो. पालापाचोळा जळतो, वीस वर्षांचा साग काळवंडून उभा राहतो. उपग्रहाला छत्र शाबूत दिसते, तोटा शून्य लिहिला जातो. प्रत्यक्षात छातीच्या उंचीपर्यंत आलेली पुढची पिढी मेलेली असते. तीन-चार वर्षांत असे दोन वणवे लागले की ऐन, बिजा, चारोळीची रोपे कमरेच्या वर जातच नाहीत. जळालेल्या बुंध्यातून कीड शिरते, आतून पोकळी होते, पण छातीच्या उंचीवर टेप लावला तर घेर तोच येतो. म्हणून आगीचा तोटा वयानुसार धरायला हवा. पाच वर्षांच्या आतले रोपवन जळाले तर जवळजवळ सगळे गेले. वीस वर्षांच्या वनात तात्काळ तोटा थोडा, पण भरतीचा, म्हणजे पुढची पिढी उभी न राहण्याचा, तोटा मोठा, आणि तो पंधरा वर्षांनी दिसतो. उन्हाळा लांबला आणि वळवाचा पाऊस चुकला की आगीचा हा हंगाम आणखी लांबतो.

आगीखेरीज वादळ आहे. ३१ ऑगस्ट २०२४ रोजी, गडचिरोलीतल्या सिरोंचाच्या पलीकडे गोदावरीच्या दक्षिणेस, तेलंगणातल्या मुलुगू जिल्ह्यातल्या ताडवाईच्या जंगलात काही तासांत सुमारे २०० हेक्टरांवरची ५० हजारांहून अधिक झाडे आडवी झाली. कोणत्याही प्रकल्प अहवालाच्या जोखीम-यादीत ‘वादळ : नगण्य’ असेच लिहिले गेले असते. बांबूचे आणखी वेगळे. काटस बांबूला काही दशकांनी फुलोरा येतो आणि रांझीच्या रांझी, म्हणजे बेटेच्या बेटे, वाळतात. तारीख सांगता येत नाही, पण तीस वर्षांच्या करारात तो येणारच नाही असे धरणे धाडसाचे आहे. फुलोऱ्यानंतर उभा वाळलेला बांबू म्हणजे वणव्याला सरपण. दोन धोके एकमेकांना असे हात देतात, आणि अहवालात ते दोन वेगळ्या ओळींत वेगवेगळे गुणले जातात.

याच कारणाने राखीव साठ्याचे गणित फसते. समजा ५० गावांचे प्रकल्प एकत्र केले आणि प्रत्येकाला फसण्याची शक्यता १० टक्के. धोके एकमेकांपासून सुटे असतील तर सरासरी पाच गावे फसतील, आणि दहापेक्षा जास्त फसण्याची शक्यता एक टक्क्याच्या आसपास. २० टक्के साठा पुरेसा वाटतो. पण दुष्काळ गावाची वेस पाहून थांबत नाही. ज्या वर्षी गडचिरोलीतल्या एटापल्लीत रोपे वाळतात त्या वर्षी धानोऱ्यातही वाळतात, मोहही कमी येतो, आगीचा हंगामही लांबतो. धोका पूर्ण सामाईक असेल तर हिशेब असा होतो : दहातल्या नऊ वेळा काहीच होत नाही, दहाव्या वेळी पन्नासही गावे एकदम बुडतात. सरासरी दोन्हीकडे तीच, पाच गावांची. खरी परिस्थिती या दोन टोकांच्या मध्ये आहे. नेमकी कुठे, हे दाखवणे अहवाल लिहिणाऱ्याचे काम. ते न दाखवता १० किंवा १५ टक्क्यांचा छापील आकडा घालणे चालणार नाही.

पडताळणीच्या नियमांत अनिश्चिततेसाठी कपात असते ना, असे उत्तर मिळते. असते. बहुतेक पद्धतींत ९० टक्के विश्वासपातळीवर चूक १० टक्क्यांपेक्षा जास्त आली की क्रेडिट, म्हणजे विकता येणारे टन, कापतात. पण ती चूक मोजणीसाठी जंगलात आखलेल्या नमुना-चौकटींमधल्या फरकाची असते, म्हणजे आज उभे असलेले झाड किती अचूक मोजले याची. उद्या ते झाड उभे असेल का, याच्याशी तिचा संबंध नाही. शंभर चौकटी वाढवून ती दहावरून सहा टक्क्यांवर आणता येते, आणि मग अहवाल ‘उच्च विश्वासार्हता’ म्हणून मिरवतो.

मोजणीतही हवामान आहेच. कोरड्या जंगलात झाडाचा घेर वर्षाला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर वाढत असेल, तर छातीच्या उंचीवरची, म्हणजे १.३७ मीटरची, रेघ पुसली जाऊन टेप वर-खाली लागला की त्या छोट्या वाढीचा आकडाच बिघडतो. ६० सेंटिमीटर घेराच्या झाडाला १ सेंटिमीटरची चूक म्हणजे जैवभारात साडेतीन ते चार टक्के. एप्रिल-मेमध्ये पाण्याच्या ताणाने खोड आकसते. एक मोजणी मेमध्ये आणि पुढची नोव्हेंबरमध्ये झाली तर न झालेली वाढ कागदावर येते. कायमच्या ०.१ हेक्टरच्या चौकटी, ३१.६२ मीटर बाजूच्या, प्रत्येक झाडाला क्रमांक, तेलरंगाची रेघ, आणि दर वेळी नोव्हेंबर-डिसेंबर. दुष्काळी वर्षानंतर पाच वर्षांची वाट न पाहता एक जादा मोजणी. हा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या दिवशी धरा, नाहीतर नंतर तो होत नाही. आणि काही चौकटी प्रकल्पाबाहेरच्या, तशाच मातीच्या जंगलात ठेवा. चांगल्या पावसाने दोन्हीकडे वाढ झाली असेल तर ती प्रकल्पाची कमाई नाही. दुष्काळाने दोन्हीकडे घट झाली असेल तर तो गावाचा दोषही नाही.

एका आकड्याने निवड कशी चुकते, ते आता दाखवता येईल. पुन्हा आकडे समजावण्यापुरते. पडीक वनजमिनीवर एक पर्याय खड्डे खणून मिश्र रोपवनाचा. पावसाचा क्रम चांगला लागला तर तीस वर्षांत हेक्टरी २२० टन, मधला लागला तर १५०, वाईट लागला तर ३०. दुसरा पर्याय जुन्या खुंटांचे फुटवे जपण्याचा : एका खुंटावर एक-दोन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे काढायचे, चराईला काही वर्षे आळीपाळीने बंदी, जाळरेषा (आग अडवण्यासाठी मोकळे ठेवलेले पट्टे), जिथे खुंट नाहीत तिथेच लागवड. तिथे १३०, ११०, ८०. फुटव्याखाली जुने खोल मूळ असते. वरचा भाग जळाला तरी पुढच्या पावसात तो परत येतो. खर्चही रोपवनाच्या मानाने बराच कमी. एकच आकडा लिहायचा असेल तर १५० विरुद्ध ११०, रोपवन जिंकले. पण गावाने हेक्टरी १०० टन देण्याचा करार केला असेल, तर वाईट क्रमात एकाची तूट ७० टन आणि दुसऱ्याची २०. हा तक्ता ग्रामसभेपुढे ठेवला तर ती कोणता पर्याय निवडेल, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. आज तो तिच्यापुढे येत नाही. केंद्राच्या हरित क्रेडिट योजनेच्या फेब्रुवारी २०२४ च्या पद्धतीत हेक्टरी किमान १,१०० झाडे आणि झाडामागे एक क्रेडिट असा हिशेब होता. झाड मोजून बक्षीस द्यायचे ठरले की खड्डेच खणले जाणार.

सूट-दराबद्दल थोडक्यात. तिसाव्या वर्षीचे १०० रुपये आज ४ टक्क्यांनी ३१ होतात, ८ टक्क्यांनी १०, १२ टक्क्यांनी तीन-साडेतीन. जंगल उशिरा भरते, खर्च मात्र पहिल्या पाच वर्षांत होतो, म्हणून दर बदलला की निकाल बदलतो. भविष्य अनिश्चित आहे म्हणून दर वाढवा, हा उपाय आम्हाला मान्य नाही. त्याने धोका दिसेनासा होतो आणि दूरच्या पिढीचा वाटा कापला जातो. धोका टनांमध्ये धरा, दरात नको. ब्रिटनच्या अर्थखात्याचा दर तीस वर्षांपर्यंत ३.५ टक्के, पुढे ३ आणि मग २.५ असा उतरतो, तेही भविष्य अनिश्चित आहे म्हणूनच. दुसरे, समाजाचा हिशेब आणि गावाचा हिशेब वेगळ्या पानांवर मांडा. एक टन उत्सर्जनाने एकट्या भारताचे होणारे नुकसान २०१८ च्या एका अभ्यासात ८६ डॉलर आले, आणि त्याची मर्यादा ४९ ते १५७. हा आकडा ‘वनाचे मूल्य’ म्हणून छापून गावाला मिळणारी रक्कम मात्र बाजारातल्या चार पैशांवर ठरवणे, हे दोन तराजू झाले.

निव्वळ वर्तमान मूल्याचीही तीच गत आहे. वनजमीन इतर कामासाठी वळती करताना घेतला जाणारा हेक्टरी दर २८ मार्च २००८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये ठरला. जानेवारी २०२२ मध्ये तो वाढला, पण भाववाढीच्या निर्देशांकाने. चौदा वर्षांत कांद्याचा आणि सिमेंटचा भाव बदलला हे त्यात आले, हवामान बदलले हे आले नाही. तो दर केंद्राच्या अखत्यारीतला आहे, हे आम्ही जाणतो. राज्याने आपल्या शिफारशीत हा मुद्दा लिहायला कुणाची आडकाठी नाही.

करायचे काय, तर फार अवघड काही नाही. भारतीय हवामान विभागाची १९०१ पासूनची रोजच्या पावसाची, अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाच्या चौकटीतली माहिती पुण्याहून उपलब्ध आहे. प्रकल्पाच्या चौकटीची घ्या. तीन ते पाच वर्षांचे तुकडे करून ते उलटसुलट जोडा. एकेक वर्ष सुटे करून उलटसुलट करू नका, नाहीतर लागोपाठच्या दुष्काळाची जोडगोळी मोडते, आणि झाडाला मारतो तो दुसराच दुष्काळ. त्यावर किमान पाच हवामान प्रतिमाने आणि दोन उत्सर्जन-मार्ग (पुढे उत्सर्जन किती होईल याचे अंदाज) यांचा बदल चढवा. जगण्याचे प्रमाण, वाढ, आग आणि वादळ त्या पावसाशी जोडून हजार वेळा तीस वर्षे चालवा. साध्या लॅपटॉपवर हे एका दुपारचे काम आहे. अहवालात तीन आकडे द्या : दहातल्या नऊ वेळा ज्याच्या वर राहू तो, मधला, आणि दहातून एकदाच गाठू तो. विक्रीचा करार पहिल्या आकड्यावर करा. त्यावर जे जास्त साठेल ते दर पाच वर्षांच्या पडताळणीनंतर विकता येते. आधी विकलेले परत आणता येत नाही.

करारात चार गोष्टी असाव्यात. दुष्काळ, वादळ, वणवा किंवा फुलोरा यांमुळे साठा घटला तर भरपाई राखीव साठ्यातून, ग्रामसभेकडून वसुली नाही. पहिली सात वर्षे मोबदला कामाच्या मोजमापावर, म्हणजे जाळरेषेचे मीटर, जपलेले फुटवे, केलेली राखण. टनांवर नाही. दर पाच वर्षांनी दंडाशिवाय बाहेर पडण्याची मुभा. आणि तेंदू, मोह, बांबू, चराई यांवरचे २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे हक्क कराराच्या कोणत्याही कलमाने गोठणार नाहीत, हे मराठीत, आणि जिथे लागेल तिथे गोंडी किंवा माडियात वाचून दाखवून.

सुरुवातीला एवढेच करावे : सध्या मंजुरीसाठी आलेल्या अहवालांपैकी कोणतेही तीन घ्या, वरच्या पद्धतीने पुन्हा चालवा, आणि मूळ आकडा व नवे तीन आकडे विभागाच्या संकेतस्थळावर शेजारीशेजारी ठेवा. गणिताची फाइलही जोडा, म्हणजे आमच्यासकट कुणालाही चूक काढता येईल.

आपले,
वनमोजणी आणि वन-अर्थशास्त्राचे काम करणारे काही जण